मुरगाव, ९ मार्च १९४३ : तटस्थ बंदरातल्या एका अघोषित हल्ल्याचं प्रकरण

सड्याच्या चढावरून खाली पाहिलं की गोव्यातलं मुरगाव बंदर सगळंच्या सगळं दिसतं. लाटा अडवणारा बांध, धक्क्याला लागलेली जहाजं, बाहेर नांगर टाकून पाळीची वाट बघणारी मालवाहू जहाजं आणि झुवारीच्या मुखापलीकडे दोना पावलाचं टोक. ९ मार्च १९४३च्या रात्री याच पाण्यात चार जहाजं एकामागून एक बुडाली. तीन जर्मन, एक इटालियन. बंदर पोर्तुगालचं होतं आणि पोर्तुगाल युद्धात नव्हता. हल्ला ब्रिटिशांनी घडवून आणला होता, पण त्याची सविस्तर हकिगत छापून यायला १९७८ साल उजाडावं लागलं.

हे प्रकरण मी पुन्हा मुळापासून वाचायला घेतलं ते माझ्या भाच्यामुळे. तो तेलवाहू जहाजावर थर्ड इंजिनियर आहे. २०२४च्या सुरुवातीला त्याचं जहाज तांबड्या समुद्रातून खाली येणार होतं. येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे ड्रोन आणि क्षेपणास्त्रं रोजच्या बातमीत होती. एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला : ‘मामा, आज रात्री बाब-एल-मांदेब. एआयएस बंद ठेवणार, डेकवरचे दिवेपण. आईला सांगू नकोस.’ जहाज कुठे आहे हे जगाला सांगणारं यंत्रच बंद, म्हणजे फोनवर ठिपका बघत बसायचीही सोय नाही. जेमतेम ३० किलोमीटर रुंदीची ती सामुद्रधुनी. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘पार’ एवढा एकच शब्द आला. तोवर मी बहिणीच्या घरी दोनदा जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो होतो.

सुट्टीवर आल्यावर सड्यावर बसून त्याने विचारलं, ‘मामा, हे युद्ध नक्की कुणाचं रे? आम्हाला काही लागलं असतं तर आईने दाद कुणाकडे मागायची?’ मला उत्तर देता आलं नाही. पण समोर जे पाणी दिसत होतं त्यात ऐंशी वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडावा असं काहीतरी घडलं होतं, तेवढं ठाऊक होतं.

अडकलेली जहाजं

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटलं तेव्हा जर्मनीची व्यापारी जहाजं साऱ्या महासागरांवर विखुरलेली होती. ब्रिटिश नौदलाच्या हाती लागायचं नसेल तर जवळचं तटस्थ बंदर गाठणं हाच मार्ग. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची तीन जहाजं मुरगावात शिरली. जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा हे इटालियन जहाजही त्यांच्या सोबतीला आलं. मग साडेतीन वर्षं, तीन अख्खे पावसाळे, ही जहाजं इथेच गंजत उभी राहिली. बाहेर पडलं तर ब्रिटिश पकडणार, आत राहिलं तर काम नाही. बोटीवर माणूस पाठवलेल्या घराला ही अवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कायदा काय म्हणत होता ते इथे नीट बघायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. १९०७च्या हेग परिषदेतला तेरावा करार समुद्रावरच्या तटस्थतेचा आहे. तटस्थ देशाच्या पाण्यात लढणाऱ्या देशाने कुठलंही युद्धकृत्य करायचं नाही, ही पहिली अट. व्यापारी जहाजांना तिथे थांबायला बंदी नाही. चोवीस तासांची मर्यादा असते ती युद्धनौकांना. पण याच कराराचं पाचवं कलम म्हणतं की तटस्थ बंदराचा तळ म्हणून वापर करायचा नाही, आणि आपल्या सैन्याशी बोलण्यासाठी तिथे बिनतारी यंत्र उभारायचं नाही. पंचविसावं कलम तटस्थ देशावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकतं, मात्र हाताशी असलेल्या साधनांनिशी जेवढं जमेल तेवढं.

ब्रिटिशांचा संशय नेमका पाचव्या कलमापाशी होता. एरेनफेल्सवर लपवलेला ट्रान्समीटर आहे, आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांची खबर त्यावरून पाणबुड्यांना जाते, असं त्यांचं म्हणणं. भीती अगदीच निराधार नव्हती. याच कंपनीची, याच घडणीची दोन जहाजं जर्मन नौदलाने आधीच छुप्या हल्लेखोर नौका म्हणून वापरली होती. गोल्डेनफेल्सचं ‘अटलांटिस’ झालं आणि कांडेलफेल्सचं ‘पिंग्विन’. व्यापारी जहाजाचं सोंग घेऊन जवळ जायचं आणि तोफा उघड्या करायच्या, ही त्यांची रीत. एकट्या अटलांटिसने २२ जहाजं बुडवली किंवा पकडली. दोन्ही १९४१मध्ये बुडाली, पण त्यांच्याच कुळातलं जहाज मुंबईपासून इतक्या जवळ उभं आहे हे दिल्लीतल्या कुणालाही स्वस्थ बसू देणारं नव्हतं.

मग सरळ लिस्बनकडे, म्हणजे पोर्तुगाल सरकारकडे, तक्रार करून ते यंत्र सील का करून घेतलं नाही? माझ्या मते याचं उत्तर तिमोरमध्ये आहे. डिसेंबर १९४१मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच फौजा पोर्तुगीज तिमोरमध्ये उतरल्या, पोर्तुगालला न विचारता. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९४२मध्ये, जपानी तिथे उतरले. तटस्थ वसाहत दोन महिन्यांत रणांगण झाली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने त्यातून धडा घेतला तो असा, की कुठल्याच बाजूला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. ब्रिटिशांनाही पोर्तुगाल दुखवून चालणार नव्हता. अटलांटिकमधली पोर्तुगालची अझोरेस बेटं त्यांना तळासाठी हवी होती आणि ऑक्टोबर १९४३मध्ये ती मिळालीही. उघडपणे नौदल पाठवून मुरगावात शिरणं म्हणजे ते सगळं पाण्यात. म्हणून काम असं व्हायला हवं होतं की ते कुणी केलं हेच कळू नये.

तटस्थ पाण्यातला असा हा पहिला हल्ला नव्हता. फेब्रुवारी १९४०मध्ये ब्रिटिश विनाशिकेने नॉर्वेच्या खाडीत शिरून आल्टमार्क या जर्मन जहाजावरून २९९ ब्रिटिश कैदी सोडवले होते. तिथे गणवेश होता, झेंडा होता, आणि नॉर्वेला निषेध तरी नोंदवता आला. मुरगावात झेंडाच नव्हता.

इंत्रुजची रात्र

काम सोपवलं गेलं ब्रिटनच्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या गुप्त कारवायांच्या खात्याकडे. लेफ्टनंट कर्नल ल्युईस प्यू यांनी माणसं निवडली ती कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या राखीव स्वयंसेवक पलटणींतली. १४ जण पहिलीतले, ४ दुसरीतले. व्यापारी, हिशेबनीस, मळेवाले. बरेचसे चाळिशी ओलांडलेले, युद्धावर घ्यायला वयाने नाकारलेले. गणवेश घालायचा नाही, काम फत्ते झालं तरी पदक नाही, बोलायचं तर मुळीच नाही. पकडले गेले असते तर सरकारने त्यांना ओळख दिली नसती.

बोटही तशीच. फीबी नावाची हॉपर बार्ज, म्हणजे बंदरातला उपसलेला गाळ पोटात भरून बाहेर नेणारी आणि तळाची दारं उघडून समुद्रात सोडणारी संथ नाव. युद्धनौका म्हणून तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नसतं. ती कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून कोचीनला आली. बाकीचे आगगाडीने कोचीनला पोचले आणि तिथून बोटीवर चढले.

तारीख पाहण्यासारखी आहे. १९४३मध्ये ईस्टर २५ एप्रिलला आला, याहून उशिरा तो येऊच शकत नाही. म्हणजे ख्रिस्ती उपासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार १० मार्चला आणि ९ मार्च हा इंत्रुजचा, म्हणजे कार्निव्हालचा, शेवटचा दिवस. गोव्यात राहणाऱ्याला त्या रात्रीचं वर्णन नको. उपास सुरू होण्याआधीचं खाणंपिणं, नाच, गाणी. गाव जागं, पण पाण्याकडे पाठ करून. जहाजांवरचे पुष्कळ लोक किनाऱ्यावर मेजवान्यांना गेले होते. अमावास्या होऊन तीन-चार दिवसच झाले होते, त्यामुळे चंद्राची कोर संध्याकाळीच मावळलेली. शिगम्याला अजून दिवस होते.

मध्यरात्र उलटल्यावर फीबी दिवे मालवून बंदरात शिरली आणि एरेनफेल्सला भिडली. शिड्या लावून माणसं वर चढली. झटापट झाली, गोळीबार झाला. एरेनफेल्सचा कप्तान रोफर आणि त्याचे काही खलाशी मारले गेले. हल्ला करणाऱ्यांपैकी कुणी मेलं नाही. ट्रान्समीटर हाती लागला. तोपर्यंत जर्मनांनी तळातल्या झडपा उघडल्या होत्या आणि आग लावून दिली होती.

झडपा उघडणं म्हणजे काय, हे मी भाच्याला विचारलं. त्याने सड्यावरच्या धुळीत काटकीने आकृती काढली. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, त्यासाठी जहाजाच्या तळाशी भोकं असतात, त्यांच्या आतल्या बाजूला झडप आणि पुढे कचरा अडवायची गाळणी. ‘गाळणी साफ करताना आधी झडप बंद झालीय ना हे दोन माणसं तपासतात,’ तो म्हणाला. ‘झडप उघडी असताना ते झाकण काढलं तर इंजिनरूम भरायला वेळ लागत नाही. आम्हाला हे चुकूनही होऊ नये म्हणून पहिल्या महिन्यात शिकवतात.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘साडेतीन वर्षं ज्यांनी ते इंजिन पुसून ठेवलं असेल ना, त्यांनीच हे केलं.’ हे मला कुठल्याच वाचनात सापडलं नव्हतं.

बाकीच्या तीन जहाजांवर कुणी पाऊलही ठेवलं नाही. एरेनफेल्स पेटलेलं बघून त्यांच्या खलाशांना वाटलं, ब्रिटिश नौदलच आत शिरलं. ठरल्याप्रमाणे त्यांनी आपापली जहाजं बुडवली. फीबी आली तशी अंधारातून निघून गेली.

सकाळची गोष्ट

सकाळी काय सांगायचं हा प्रश्न तिघांपुढे होता. ब्रिटिशांनी कानांवर हात ठेवायचे हे आधीच ठरलेलं. पोर्तुगीज प्रशासनाने परकीय हल्ला झाल्याचं मान्य केलं तर दोन अडचणी : ब्रिटनला जाब विचारावा लागणार, आणि जर्मनी विचारणार की तुमच्या बंदरात तुम्ही झोपला होतात का. ‘खलाशांनीच आपली जहाजं बुडवली’ ही गोष्ट सगळ्यांना सोयीची होती, आणि तीन जहाजांपुरती ती खरीही होती. उरलेल्या खलाशांना आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं गेलं, आणि युद्ध संपेपर्यंत ते तिथेच होते.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे. ज्यांच्यावर हल्ला झाला तेच कोठडीत. ते युद्धकैदी नव्हते, कारण पोर्तुगाल लढतच नव्हता. युद्धकैद्याला मिळणारं संरक्षण त्यांना कोण देणार? कप्तानाला मारणारं कुणी नव्हतंच, तर खटला कुणावर? आणि हो, ही माणसं नाझी राजवटीच्या झेंड्याखाली होती, त्यांच्या ट्रान्समीटरने खरंच जहाजांची खबर दिली असेल तर मेलेल्या खलाशांचं रक्त त्यांच्याही हाताला होतं. हे मी विसरत नाही. पण त्याची चौकशी करायला कुठलंही न्यायासन बसलं नाही. हल्ला झालाच नाही म्हटल्यावर हल्ल्याचं कारण तपासायचं कारणच उरलं नाही.

आणि गोव्यातली माणसं? सालाझारच्या राजवटीत छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरपुढे जायचा. आपल्या बंदरात काय झालं हे मराठी किंवा पोर्तुगीज वाचकाला मोकळेपणाने वाचायला मिळण्याची शक्यताच नव्हती. तीनच वर्षांनी, जून १९४६मध्ये मडगावात लोहियांच्या सभेनंतर सत्याग्रहींची धरपकड सुरू झाली आणि त्याच आग्वादच्या कोठड्या गोव्याच्या माणसांनी भरू लागल्या.

उपयोग झाला का?

लोकप्रिय सांगण्यात या हल्ल्याला मोठं यश म्हणतात : ट्रान्समीटर बंद पडला आणि हिंदी महासागरातली जहाजं बुडायची थांबली. मला हे पटत नाही. त्या वसंतात जर्मन पाणबुड्यांचं मुख्य क्षेत्र दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत होतं. मुरगावच्या खबरेवर त्या विसंबून होत्या असं म्हणायला तो भूगोल साथ देत नाही. ‘मॉन्सून’ नावाचा पाणबुड्यांचा गट अरबी समुद्राकडे आला तो १९४३च्या उत्तरार्धात, म्हणजे एरेनफेल्स तळाला गेल्यावर सहा-सात महिन्यांनी. जपानच्या ताब्यातल्या पिनांगला त्यांना तळही मिळाला. जपानी पाणबुड्या तर आधीपासून होत्याच. नेताजी जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले ते एप्रिल १९४३मध्ये मादागास्करच्या बाजूला, हल्ल्यानंतर दीड महिन्याने. समुद्र काही शांत झाला नव्हता. एक कान कापला गेला एवढं म्हणता येईल, आणि तो कान किती तिखट होता याचा हिशेब मांडायला गुप्ततेने जागा ठेवली नाही.

याउलट ज्याचा हिशेब पक्का मांडता येतो ती गोष्ट याच बंदरात त्याच वर्षी ऑक्टोबरात घडली, आणि ती हल्ल्याइतकी कुणी सांगत नाही. अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या ताब्यातल्या नागरिकांची अदलाबदल करायचं ठरवलं. दोन शत्रूंची जहाजं गोळी न सुटता एकमेकांजवळ उभी राहतील अशी जागा हवी होती. ती जागा ठरली मुरगाव. जपानकडून तेइया मारू आली; चीन, हाँगकाँग, फिलिपिन्समध्ये अडकलेले अमेरिकन, कॅनेडियन आणि इतर नागरिक घेऊन. अमेरिकेकडून स्वीडनचं ग्रिप्सहोल्म आलं, जपानी नागरिकांना घेऊन. दोन्हींवर सुमारे दीड-दीड हजार माणसं. मिशनरी, व्यापारी, शिक्षक, बायका, मुलं. काही दिवसांत या जहाजावरची माणसं त्या जहाजावर गेली आणि दोन्ही आपापल्या वाटेने निघाली. युद्धकैद्यांसाठी रेडक्रॉसचं साहित्यही ग्रिप्सहोल्मवरून तेइया मारूवर चढलं.

मार्चमध्ये ज्या तटस्थतेला रात्री खिंडार पडलं, तिच्याच भरवशावर ऑक्टोबरात तीन हजार माणसांची सुटका झाली. मार्चचं सत्य तेव्हाच बाहेर फुटलं असतं तर टोकियोने हे बंदर मान्य केलं असतं का? पोर्तुगालला ब्रिटनविरुद्ध काहीतरी करून दाखवणं भाग पडलं असतं, आणि मुरगावावरचा विश्वास उडाला असता. मी या प्रकरणाकडे बघतो ते या जागेवरून. तटस्थ बंदर हे लढणाऱ्या दोघांनाही लागतं, आणि कधी लागेल ते आधी कळत नाही. त्या रात्री अठरा माणसांनी पणाला लावला तो नुसता आपला जीव नव्हता. ऑक्टोबरात इथे उतरलेल्या मुलांची सुटकाही होती. त्यांना ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, आणि त्यांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. पण त्यांना पाठवणाऱ्यांनी हा विचार करायला हवा होता.

आजचं पाणी

२३ डिसेंबर २०२३ला केम प्लूटो या रसायनवाहू जहाजावर ड्रोन आदळला, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर. सौदी अरेबियाहून मंगळूरला निघालेलं हे जहाज, म्हणजे आमच्याच किनाऱ्यासमोरून खाली उतरणारं. २१ खलाशांपैकी २० भारतीय. कुणी दगावलं नाही. तटरक्षक दलाच्या विक्रम नौकेने सोबत करून जहाज मुंबईला आणलं. अमेरिकेने सांगितलं ड्रोन इराणमधून आला, इराणने नाकारलं. गोष्ट तिथेच थांबली.

त्याआधी २०१९च्या जुलैमध्ये जिब्राल्टरजवळ ब्रिटिश मरीन्सनी ग्रेस वन हे इराणचं तेल नेणारं जहाज धरलं; पंधरा दिवसांनी इराणने होर्मुझच्या सामुद्रधुनीत ब्रिटिश झेंड्याचं स्टेना इम्पेरो धरलं. युद्ध दोघांनीही पुकारलं नव्हतं. ग्रेस वनच्या कप्तानासह चार भारतीयांना जिब्राल्टरच्या पोलिसांनी अटक केली होती. स्टेना इम्पेरोच्या २३ खलाशांपैकी १८ भारतीय होते. दोन्ही बाजूंच्या ओलिसांत आपलीच मुलं. सप्टेंबरअखेर जहाज सुटलं, तोवर त्या घरांत काय चाललं असेल ते आमच्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. गोव्यात प्रत्येक वाड्यावर एक तरी घर तारवट्याचं, म्हणजे बोटीवरच्या माणसाचं, आहे.

एक फरक मात्र खरा आहे. १९४३मध्ये मुरगावच्या खलाशाला कुणी विचारलं नाही. आज जहाजमालक आणि खलाशी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय करारात काही समुद्र ‘युद्धसदृश क्षेत्र’ म्हणून जाहीर होतात. तांबड्या समुद्राचा दक्षिण भाग तसा झाला. तिथून जाताना मूळ पगार दुप्पट, मृत्यूची भरपाई दुप्पट, आणि नको असेल तर ‘मी जात नाही’ म्हणून कंपनीच्या खर्चाने घरी परतायचा हक्क. सरकारं ‘युद्ध’ हा शब्द उच्चारत नाहीत, तो शब्द निदान पगाराच्या कागदावर आला आहे. हा करार लागू असलेल्या जहाजांनाच तो लागतो, सगळ्यांना नाही. म्हणून साइन ऑन करण्याआधी करारात हे कलम शोधा, असं मी आता ओळखीच्या प्रत्येक मुलाला सांगतो.

भाच्यालाही सांगितलं. त्याने फोनवर पीडीएफ उघडली, बराच वेळ अंगठ्याने खाली सरकवत राहिला आणि कलम सापडल्यावर फोन माझ्या हातात दिला. बारीक अक्षरात ते सगळं होतं, नकार देण्याचा हक्कसुद्धा.

‘वापरशील का?’ मी विचारलं.

‘एकदा नाही म्हटलं तर पुढचं जॉइनिंग कधी येईल, मामा?’

खाली धक्क्यावरचे दिवे लागायला लागले होते. बहिणीचा फोन आला, जेवायला या म्हणून. तो उठला, पँटवरची धूळ झटकली आणि मघाशी काढलेली झडपेची आकृती पायाने पुसून टाकली.